चुका परवडणारा संघ

६ सप्टेंबर २०२५, बाल्टिमोर. लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा पिचर योशिनोबू यामामोतो नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये तीनपैकी दोन गडी बाद करून उभा होता. तोवर त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट दिलेली नव्हती आणि धावफलक ३-० असा होता. आणखी एक गडी मिळाला असता तर नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता संपवलेला सामना, पूर्ण झाला असता. जॅक्सन हॉलिडेने होम रन मारला आणि नो-हिटर गेला, पण सामना अजून डॉजर्सच्याच खिशात होता. यामामोतोला बाहेर काढलं. ब्लेक ट्राइनन आला, त्याच्यामागून टॅनर स्कॉट आला. दोघांना मिळून उरलेला एक गडी बाद करता आला नाही. बाल्टिमोरने सामना ४-३ असा जिंकला. या दोघांचे करार मिळून ९.४ कोटी डॉलरचे आहेत.

त्यानंतर बरोबर आठ आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, हाच संघ टोरांटोमध्ये सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकला. या दोन तारखांच्या मधे काय घडलं हे नीट पाहिलं, तर २०२६च्या हंगामाआधी पैशाच्या जोरावर जिंकतात म्हणून डॉजर्सवर जो राग निघतोय त्यातला किती खरा आणि किती भलतीकडे वळलेला, हे कळतं.

बेसबॉल फारसा न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, हल्ली पाच-सहा इनिंग टाकून जातो. उरलेल्या तीन-चार इनिंग राखीव पिचरांनी सांभाळायच्या. मैदानाच्या कडेला जिथे हे लोक हात मोकळा करत बसलेले असतात ती जागा म्हणजे बुलपेन, आणि त्या पिचरांच्या ताफ्यालाही तेच नाव. शेवटची इनिंग टाकणारा तो क्लोजर. टी-ट्वेंटीत डेथ ओव्हर्स टाकणाऱ्या गोलंदाजाला जे भोगावं लागतं तेच याच्याही वाट्याला येतं. चांगलं टाकलं तर ते गृहीत धरलेलंच असतं, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पहिलं नाव त्याचं. फरक इतकाच की बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि हा माणूस सहा महिन्यांत साठ-सत्तर वेळा मैदानात येतो.

२०२५च्या आधीच्या हिवाळ्यात डॉजर्सने बुलपेनवर पैसा ओतला. स्कॉटला चार वर्षांसाठी ७.२ कोटी, ट्राइननला दोन वर्षांसाठी २.२ कोटी, आणि कर्बी येट्सला एका वर्षासाठी १.३ कोटी डॉलर. येट्सने २०२४मध्ये टेक्सासकडून नऊ इनिंगमागे १.१७ धावा दिल्या होत्या. हा ईआरए म्हणजे पिचरचं प्रगतिपुस्तकच, आकडा जितका लहान तितकं चांगलं. डॉजर्सकडे आल्यावर त्याचा ईआरए झाला ५.२३. स्कॉटचा ४.७४, आणि हातातली आघाडी त्याने दहा वेळा घालवली. ट्राइननचा ५.४०. बाजारातले सगळ्यात चांगले म्हणून जे घेतले ते तिघंही एकाच वर्षी कोसळले. नाक्यावरच्या कुठल्याही पोराने डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी याहून वाईट निवड झाली नसती.

आणि तरी हे अनपेक्षित म्हणता येणार नाही. राखीव पिचर वर्षाला जेमतेम साठ इनिंग टाकतो. इतक्या थोड्या कामावरून माणसाची खरी योग्यता ओळखणं अवघड. चार चेंडू नशिबाने क्षेत्ररक्षकांच्या हातात गेले की तो तारा होतो, तेच चार मधल्या मोकळ्या जागेत पडले की तो संघाबाहेर. त्यात हल्लीची पद्धत अशी की या माणसाने येऊन प्रत्येक चेंडू जीव तोडून, ताशी पंचाण्णव-अठ्ठ्याण्णव मैलांनी टाकायचा. दम राखून टाकण्याची मुभा स्टार्टरला थोडीफार उरलीय, याला मुळीच नाही. डिसेंबर २०२४मध्ये हे संघ जिच्यात खेळतात त्या खुद्द मेजर लीगनेच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडूला सर्वस्व पणाला लावणं याकडेच बोट होतं.

डॉजर्सच्या बाबतीत तर याचा पुरावा घरातच आहे. २०२४चं विजेतेपद त्यांनी बुलपेनच्या जिवावर काढलं. सॅन डिएगो पाद्रेसविरुद्धच्या नॉकआउट मालिकेत चौथ्या सामन्यात स्टार्टर शिल्लकच नव्हता, तेव्हा आठ राखीव पिचरांनी आळीपाळीने टाकून समोरच्याला शून्यावर ठेवलं. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात ट्राइननने ४२ चेंडू टाकून सात गडी बाद केले, जे एरवी तो दोन दिवसांत मिळूनही करत नाही. मग पुढच्या वर्षी त्या ताफ्याचं काय झालं? ब्रुसडार ग्राटेरोलच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा पूर्ण हंगाम गेला. इव्हान फिलिप्स सात सामने खेळला आणि मग कोपराची शस्त्रक्रिया. मायकेल कोपेकचा आधी खांदा, मग गुडघा. खुद्द ट्राइनन एप्रिल ते जुलै कोपराखालच्या हाताच्या दुखापतीने बाहेर. यातल्या कुठल्या दुखापतीला २०२४चा ऑक्टोबर, म्हणजे नॉकआउट सामन्यांचा महिनाच, कारण होता, असं डॉक्टरही शपथेवर सांगणार नाही. पण चारजण एकदम जायबंदी व्हावेत, याला निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही.

या संघाचा यातला इतिहास तसा जुनाच. १९७४मध्ये डॉजर्सचा माइक मार्शल १०६ सामन्यांत बुलपेनमधून आला आणि दोनशेहून जास्त इनिंग टाकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा पहिला राखीव पिचर ठरला. त्याच वर्षी, त्याच संघाच्या टॉमी जॉनच्या कोपरातलं अस्थिबंधन तुटलं आणि डॉ. फ्रँक जोबने मनगटातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. ती शस्त्रक्रिया आज टॉमी जॉनच्या नावानेच ओळखली जाते. माणसाच्या हाताकडून किती काढून घेता येतं आणि त्याची किंमत काय पडते, ही दोन्ही उत्तरं एकाच क्लबमध्ये, एकाच उन्हाळ्यात मिळाली होती. पुढे एरिक गान्ये आला. २००२ ते २००४ या काळात सलग ८४ सेव्ह (म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने), मधे २००३चा साय यंग. त्यानंतर कोपर गेलं, पाठ गेली आणि कारकीर्द संपल्यात जमा झाली.

म्हणून डिसेंबर २०२५मध्ये डॉजर्सने क्लोजर एडविन डियाझला तीन वर्षांसाठी ६.९ कोटी डॉलर दिले, तेव्हा मला त्यात कुठलाही कट दिसला नाही. वर्षाला २.३ कोटी म्हणजे राखीव पिचरला मिळालेला आजवरचा सर्वांत मोठा वार्षिक पगार. डियाझ उत्तमच आहे, यात वाद नाही. न्यूयॉर्क मेट्सकडून २०२५मध्ये त्याचा ईआरए १.६३ होता आणि बाद केलेल्यांत स्ट्राइकआउट ९८. पण येट्सचाही वर्षभर आधी १.१७ होता. डियाझची बत्तिशी मार्च २०२६मधली. २०२३च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्तो रिकोचा विजय साजरा करताना त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं, हेही लोक विसरलेले नाहीत. हा करार फसला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि फसला तरी डॉजर्सचं फारसं बिघडणार नाही. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. श्रीमंत संघ अचूक निवड करतो म्हणून जिंकत नाही. त्याला चुका परवडतात, म्हणून जिंकतो.

टोरांटोच्या त्या निर्णायक सातव्या सामन्यात डॉजर्सकडून चेंडू कोणी टाकले ते बघा. सुरुवात शोहेई ओहतानी, मग जस्टिन रोब्लेस्की, टायलर ग्लासनाउ, एमेट शीहॅन, ब्लेक स्नेल, आणि शेवटी आदल्याच दिवशी ९६ चेंडू टाकून आलेला यामामोतो. अकरा इनिंग, ५-४. बुलपेनसाठी मोजून घेतलेल्या त्या तिघांपैकी एकही नाही. स्कॉट तर शस्त्रक्रियेमुळे आधीच बाहेर होता. म्हणजे बुलपेनवरचा खर्च वाया गेला तेव्हा डॉजर्सने काय केलं, तर स्टार्टर बुलपेनमध्ये बसवले. स्नेलचा करार १८.२ कोटींचा, ग्लासनाउचा १३ कोटींच्या पुढे, यामामोतोचा ३२.५ कोटींचा. जपानहून आलेला रोकी सासाकी खांद्याच्या दुखण्याने चार महिने बाहेर होता. सप्टेंबरअखेर परत आला तेव्हा स्टार्टरची जागा भरलेली, म्हणून त्याला क्लोजर केलं आणि तो नॉकआउट सामन्यांमध्ये संघाचा सगळ्यात भरवशाचा माणूस ठरला. दुसऱ्या कुठल्या संघाकडे असा माणूस जास्तीचा म्हणून पडून असतो?

आता दुसरं टोक. मिलवॉकी ब्रूअर्स. २०२५च्या साखळीत सर्वाधिक ९७ विजय त्यांचे. साखळीत डॉजर्सशी सहा सामने झाले, सहाही मिलवॉकीने जिंकले. पगारावरचा खर्च डॉजर्सच्या एक तृतीयांशाच्या आसपास. बुलपेन कसं उभं करावं हे शिकायचं असेल तर मिलवॉकीकडे जावं. जॉश हेडरला २०२२मध्ये अदलाबदलीत दिलं, डेव्हिन विल्यम्सला २०२४च्या डिसेंबरमध्ये दिलं, तरी दरवेळी नवा क्लोजर आतूनच तयार केला. पण ऑक्टोबरमध्ये डॉजर्सने, मुख्यतः स्टार्टरच्या जोरावर, त्यांना चार सामन्यांत मिळून चारच धावा करू दिल्या. आणि जानेवारी २०२६मध्ये मिलवॉकीने आपला पहिल्या क्रमांकाचा पिचर फ्रेडी पेराल्टा मेट्सला देऊन टाकला, कारण वर्षभराने त्याचा करार संपणार आणि तेव्हा तो त्यांना परवडणार नाही. एका संघाने जवळपास सगळं बरोबर केलं, दुसऱ्याने बुलपेनच्या बाबतीत जवळपास सगळं चुकीचं केलं. पहिल्याला पुढच्या हंगामाआधी आपला हुकमी पिचर सोडावा लागला. दुसऱ्याने त्याच हिवाळ्यात डियाझ घेतला आणि वर काइल टकरला चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले.

यावर नुसता पैसाच सगळं करतो असं म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्क मेट्सकडे पाहावं. हुआन सोतोला ७६.५ कोटींचा करार देऊन ते २०२५च्या हंगामात उतरले आणि शेवटच्या दिवशी हरून नॉकआउटबाहेर गेले. पैशाने चुका पचवता येतात. पण चुकांखाली काहीतरी भक्कम असावं लागतं, आणि डॉजर्सकडे ते आहे. अँड्र्यू फ्रीडमन हा त्यांचा मुख्य कारभारी टाम्पा बेसारख्या गरीब संघात काटकसर शिकून आला आहे. गंमत अशी की त्याची स्वस्तातली खरेदी बहुतेक वेळा लागू पडली आणि महागातली फसली. फिलिप्सला टाम्पाने सोडलं होतं, तो यांनी फुकटात उचलला. अॅलेक्स वेसिया एका छोट्या अदलाबदलीतून आला. विल क्लाइन तर तीन संघ फिरून आलेला. वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना अठरा इनिंग चालला तेव्हा बुलपेनमध्ये उरलेला शेवटचा राखीव पिचर तोच होता. त्याने चार इनिंग, ७२ चेंडू टाकले, एकही धाव दिली नाही, आणि मग फ्रेडी फ्रीमनने होम रन मारून सामना संपवला. भारतात तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते.

२०२६च्या हंगामाचं म्हणाल तर नवव्या इनिंगची मला चिंता वाटत नाही, ती पाचव्या-सहाव्या इनिंगची वाटते. २०२५मध्ये डॉजर्सच्या बुलपेनवर लीगमधल्या सगळ्यात जास्त इनिंगचा भार पडला. कारण उघड आहे. स्नेलने ११ सामने सुरू केले, ग्लासनाउने १८, ओहतानीने १४ आणि सासाकीने ८. यामामोतो एकटाच ३० वेळा उतरला. त्यात ज्या क्लेटन करशॉने शंभरावर इनिंग निभावून नेल्या तो आता निवृत्त झालाय. यामामोतोने साखळी आणि नॉकआउट मिळून २११ इनिंग टाकल्या, आणि त्यातल्या शेवटच्या कशा टाकल्या ते वर आलंच आहे. सासाकीला पुन्हा स्टार्टर करायचं ठरलंय, म्हणजे ऑक्टोबरमध्ये सापडलेला क्लोजर आता सुरुवातीच्या रांगेत. गॅव्हिन स्टोन आणि रिव्हर रायन या दोघांचा २०२५चा अख्खा हंगाम शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीत गेला, त्यांच्याकडून एप्रिलमध्ये फार अपेक्षा ठेवणं चूक. स्टार्टर पुन्हा पाचव्या इनिंगला थकू लागले, तर डियाझ कितीही चांगला असला तरी त्याच्यापर्यंत आघाडी पोहोचवायची कोणी? वेसिया, जॅक ड्रायर, बेन कास्पॅरियस, क्लाइन, एडगार्डो हेन्रिकेझ आणि जमलं तर सावरलेला स्कॉट. यातल्या बहुतेकांचा पगार किमान वेतनाच्या आसपास आहे, २०२६मध्ये ते ७.८ लाख डॉलर. खरं ओझं याच लोकांच्या खांद्यावर पडणार आहे.

फलंदाजीच्या बाजूला टकर आल्याने ताकद वाढली, पण वयही वाढलं आहे. फ्रीमन ३६, मॅक्स मन्सी ३५, मूकी बेट्स ३३. मिगेल रोहासने सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला बरोबरीचा होम रन मारला, तो ३७ वर्षांचा होऊन अखेरच्या हंगामासाठी परततोय. सलग तिसरं विजेतेपद यांकीजनंतर, म्हणजे १९९८ ते २००० या वर्षांनंतर, कोणाला जमलेलं नाही. यांनाही जमेलच असं मी म्हणणार नाही. पण जुलैअखेर तीन पिचर मोडलेले असतील आणि तरीही हा संघ गटात पहिला असेल, हे मात्र सांगतो.

आता मुद्दा धोरणाचा. मालक आणि खेळाडू यांच्यातला सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय. मालकांच्या गोटातून पगारखर्चावर कमाल मर्यादा घाला, अशी मागणी जोर धरतेय आणि तिच्या प्रत्येक वाक्यात डॉजर्सचं उदाहरण येतं. आकडे डोळे दिपवणारे आहेतच. पगारखर्च ठरावीक रकमेपुढे गेला म्हणून २०२५साठी डॉजर्सने नुसता दंडात्मक कर म्हणून सुमारे १६.९ कोटी डॉलर भरले, आणि लीगमधल्या अनेक संघांचा संपूर्ण पगारखर्च याहून कमी आहे. सर्वांत वरच्या पायरीवर वारंवार ती रक्कम ओलांडणाऱ्याला एका डॉलरमागे १.१० डॉलर कर बसतो, म्हणजे डियाझ त्यांना दुपटीहून महाग पडतो. तरी घेतला. कराचा धाक त्यांच्यापुरता संपलाय, हे मान्यच करायला हवं.

पण कमाल मर्यादेने खेळ समसमान होतो, हे कोणी सिद्ध केलंय? आपल्याकडे आयपीएलमध्ये पहिल्या दिवसापासून मर्यादा आहे. २००८ ते २०२५ अशा अठरा हंगामांत मुंबई आणि चेन्नई यांनीच मिळून दहा करंडक नेले. त्याच अठरा वर्षांत कसलीही मर्यादा नसलेल्या मेजर लीगमध्ये बारा वेगवेगळे विजेते झाले. तिथे तीस संघ आहेत आणि आपल्याकडे आठ-दहा, त्यामुळे ही तुलना थोडी लंगडी आहे, हे मला कळतं. तरीही मर्यादा घातली की पिट्सबर्गसारखा कमी खर्चाचा संघ आपोआप वर येईल, हा भाबडेपणा त्यातून उघडा पडतो.

मर्यादेचा खरा लाभार्थी कोण, तेही आयपीएलवरूनच दिसतं. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या पुढे. २०२५च्या हंगामासाठी दहा संघांना खेळाडूंवर खर्च करायला मुभा होती प्रत्येकी १२० कोटींची, एकूण १,२०० कोटी. सामन्यागणिक मानधन वेगळं, पण ते किरकोळ. प्रक्षेपणाच्या एकट्या उत्पन्नाचा हा सातवा-आठवा हिस्सा झाला. बेसबॉलमध्ये खेळाडूंचा वाटा एकूण उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास असतो. अमेरिकेतली खेळाडूंची संघटना या एका मुद्द्यावर १९९४मध्ये संपावर गेली, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली, आणि आजही ती या मागणीला हात लावू देत नाही. त्यामागे हटवादीपणा नाही, साधा हिशेब आहे.

आयपीएलकडून घ्यायचीच असेल तर एक गोष्ट जरूर घ्यावी. प्रक्षेपणाचा पैसा तिथे एका ठिकाणी जमा होतो आणि मग वाटला जातो. पंजाबच्या संघाला स्थानिक वाहिनीशी वेगळा सौदा करावा लागत नाही. बेसबॉलमध्ये राष्ट्रीय हक्क वाटले जातात, पण स्थानिक प्रक्षेपणाचा सौदा ज्याचा त्याने करायचा. डॉजर्सने २०१३मध्ये केलेला सौदा पंचवीस वर्षांचा आणि ८३५ कोटी डॉलरचा. उलट अनेक लहान शहरांचे सामने दाखवणारी कंपनी २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्या संघांचं बांधलेलं उत्पन्न हवेत विरलं. स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग सगळ्यांनी सामायिक निधीत टाकायचा असा नियम आहे खरा. पण आधीच्या मालकाच्या काळात, २०११मध्ये, डॉजर्स दिवाळखोरीत गेला होता. त्यातून बाहेर पडताना जो समझोता झाला त्यानुसार त्यांच्या प्रक्षेपण उत्पन्नाचा मोठा भाग या वाटपाच्या हिशेबात धरलाच जात नाही. लीगनेच सही करून दिलेली ही सवलत. आज त्याच लीगचे मालक डॉजर्सकडे पैसा फार झाला म्हणून खेळाडूंच्या पगारावर झाकण ठेवायला निघालेत. गळती छपराला आणि दुरुस्ती जमिनीला, असा हा कारभार आहे.

मग काय करावं? स्थानिक प्रक्षेपणाचं उत्पन्न पूर्ण नाही तरी बऱ्याच मोठ्या प्रमाणात एकत्र करावं, आणि कमाल मर्यादेआधी किमान खर्चाचं बंधन घालावं. सामायिक निधीतून जेवढे पैसे घेतले त्याच्या दीडपट तरी पगारावर दिसले पाहिजेत, अशी एक तरतूद आजच्या करारात आहेच. तिचा धाक बसल्यावर एरवी हात आखडणाऱ्या अॅथलेटिक्स या संघाने लुइस सेव्हेरिनोला तीन वर्षांचे ६.७ कोटी डॉलर दिले, त्या क्लबच्या तोवरच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार. म्हणजे दट्ट्या लावला की पैसा निघतो. मायामीने मात्र २०२५मध्ये अख्खा संघ ७ कोटी डॉलरच्या आसपास चालवला, एका ओहतानीच्या करारातल्या एका वर्षाच्या रकमेत. मिलवॉकीला पेराल्टा राखता यावा, यासाठी डॉजर्सचे हात बांधण्यापेक्षा मिलवॉकीचे सैल करणं जास्त कामाचं.

दुसरी सुधारणा पैशाशी संबंधित नाही, म्हणून तिच्यावर कोणी बोलत नाही. २६ जणांच्या संघात आज तेरा पिचर ठेवता येतात. त्यातला एखादा थकला की त्याला पंधरा दिवसांसाठी खालच्या संघात पाठवायचं, तिथला ताजा हात वर आणायचा. एका खेळाडूची अशी वारी हंगामात पाच वेळा करता येते. साठ दिवसांच्या जायबंदी यादीत टाकलेला खेळाडू चाळीस जणांच्या मुख्य यादीत मोजला जात नाही, म्हणजे दुखावलेलेही साठवून ठेवता येतात. या सोयींचा पुरेपूर वापर करून डॉजर्स एका हंगामात चाळीसच्या आसपास पिचर वापरतात. मेट्सने २०२५मध्ये ४६ वापरून विक्रमच केला. थकलेला हात लगेच बदलता येतो म्हणूनच तो बेफिकिरीने थकवला जातो. पिचरांची संख्या तेरावरून अकरावर आणा आणि वाऱ्या पाचावरून दोनावर. मग स्टार्टरला सहावी-सातवी इनिंग टाकायला शिकवावं लागेल, त्यासाठी त्याला दर चेंडूला हात फाडण्याची सवय सोडावी लागेल, आणि बुलपेनमधल्या माणसाला महिनाभर जपून वापरावं लागेल. सुरुवातीची दोन वर्षं हाल होतील, धावा वाढतील, हेही खरं. पण राखीव हातांचा साठा हा श्रीमंत संघाचा सगळ्यात मोठा अदृश्य फायदा आहे, आणि तो कमी करायला एकाही खेळाडूच्या पगाराला कात्री लावावी लागत नाही.

पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२५मध्ये १.९७ ईआरएने एकमताने साय यंग जिंकला. त्याच्या नावावर विजय दहा आणि पराभवही दहाच, कारण तो टाकत असताना धावा करणारे संघात नव्हते. पगार पावणेनऊ लाख डॉलर. या हिवाळ्यात पिट्सबर्गच्या मालकांनी थोडा हात सैल सोडला, रायन ओहर्नला दोन वर्षांचे २.९ कोटी दिले, आणि तेवढ्यानेही तिथले लोक हरखून गेले. स्कीन्सवर त्यांचा हक्क २०२९पर्यंत आहे. त्याच्याभोवती संघ उभा करायला त्यांना कोणत्याही कमाल मर्यादेची वाट बघायची गरज नव्हती, आजही नाही.